परदेशात घर शोधताना: ऑफिसजवळ की शाळेजवळ?

प्रश्न : नमस्कार. आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. मिस्टरांना त्यांची कंपनी तीन वर्षांसाठी लंडनला पाठवते आहे. ऑफिस कॅनरी वॉर्फला, आठवड्यातून तीन दिवस जावं लागेल. मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत. महिना दोन हजार पौंडांपर्यंत भाडं झेपेल असा आमचा हिशोब आहे. मिस्टर म्हणतात, घर छोटं असलं तरी चालेल, पण ऑफिसजवळ घेऊ. त्यांचा मित्र हॅरोला राहतो. तो म्हणतो, इकडेच या, आपली माणसं आहेत. सासूबाईंचंही तेच म्हणणं. ऑनलाइन एक फ्लॅट आवडलाय. इथूनच पैसे भरून तो पक्का करावा असं वाटतं, म्हणजे उतरल्यावर हॉटेलचा खर्च वाचेल. मी इथे एका फर्ममध्ये अकाउंट्स बघते, ती नोकरी सोडावी लागेल. नक्की कुठला भाग घ्यावा?
— एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर :

नमस्कार ताई,

तुमचं पत्र सावकाश वाचलं. त्यात मिस्टरांचा प्रवास आहे, त्यांच्या मित्राचा आग्रह आहे, सासूबाईंची काळजी आहे, लेकीची इयत्ता आहे. तुमच्याबद्दल एकच वाक्य आहे, आणि तेही नोकरी सोडण्याचं. मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. मिस्टर तीन दिवस ऑफिसला जातील. ती वस्ती रोज, सकाळपासून रात्रीपर्यंत, वापरणार आहात तुम्ही आणि तुमची लेक. म्हणून घर शोधताना कागदावर आधी तुमचा दिवस मांडा, मिस्टरांचा त्यानंतर.

तुमचा दिवस शाळेपासून सुरू होईल. इथे मुलं व्हॅनने किंवा स्कूलबसने जातात, गेटपर्यंत सोडलं की आपण मोकळे. लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांमध्ये सर्वसाधारणपणे अशी सोय नसते. शाळा पावणेनऊ-नऊला भरते, सव्वातीन-साडेतीनला सुटते, आणि एवढ्या लहान मुलांना पालकांनीच शाळेच्या दारापर्यंत न्यायचं-आणायचं अशी पद्धत आहे. शाळा वीस मिनिटांवर असेल तर जाऊन-येऊन दिवसाच्या चार खेपा, म्हणजे एक तास वीस मिनिटं चालणं झालं. डिसेंबरात तिथे संध्याकाळी चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे परतीची खेप काळोख पडता पडता, थंडीत आणि बऱ्याचदा पावसात. घर शाळेपासून दहा मिनिटांच्या आत असणं ही चैन नाही. नव्या देशातला पहिला हिवाळा सुसह्य होणार की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं.

शाळेबद्दल आणखी थोडं सांगते, कारण घराचा प्रश्न इथेच सुटतो. सरकारी शाळेत फी नसते आणि वर्ग वयावरून ठरतो, इथे कुठली इयत्ता झाली त्यावरून नाही. ३१ ऑगस्टला तुमच्या लेकीला सात पूर्ण असतील आणि आठ व्हायची असतील, तर सप्टेंबरपासून ती ‘इयर थ्री’त बसेल. लंडनमध्ये ३२ बरो, म्हणजे आपापली कौन्सिल (महापालिकेसारखी संस्था) असलेले विभाग, आहेत आणि मध्यभागी सिटी ऑफ लंडनचा वेगळा कारभार. ज्या बरोत राहाल तिथल्या कौन्सिलकडे शाळाप्रवेशाची चौकशी करायची. तुम्ही वर्षाच्या मधेच जाणार असाल तर चांगली शाळा कोणती यापेक्षा त्या वर्गात जागा कुठे रिकामी आहे, हा प्रश्न आधी येतो. शाळेला लागून घर घेतलं आणि वर्ग भरलेला निघाला, तर लेकीला दोन बसथांबे पलीकडची शाळा मिळू शकते. म्हणून ज्या दोन-तीन भागांचा विचार कराल तिथल्या कौन्सिलच्या प्रवेश विभागाला आत्ताच ईमेल करा आणि इयर थ्रीच्या जागा कुठल्या शाळांत आहेत ते विचारा.

घराच्या जाहिरातीत ‘आउटस्टँडिंग शाळेजवळ’ असं लिहिलेलं दिसेल, त्यावर विसंबू नका. शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या संस्थेने सरकारी शाळांना एका शब्दात दर्जा देणं सप्टेंबर २०२४ पासून बंद केलं आहे, त्यामुळे तो शब्द जुन्या तपासणीतला असणार. शाळेचा ताजा अहवाल ऑफस्टेडच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुला आहे. तोच वाचा.

आता तुमची नोकरी. मिस्टरांचा व्हिसा नेमका कुठला आहे ते तपासून घ्या, पण स्किल्ड वर्कर किंवा कंपनी-बदलीच्या सिनियर ऑर स्पेशालिस्ट वर्कर व्हिसावर गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला तिथे काम करायची मुभा असते. अकाउंट्सचं काम येणाऱ्या बाईला ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणत तीन वर्षं घरात बसायचं कारण नाही. मात्र त्यासाठी स्टेशन चालत गाठता यायला हवं आणि शाळेत सकाळचा ब्रेकफास्ट क्लब किंवा शाळा सुटल्यानंतरचा क्लब, म्हणजे शाळेच्या वेळेआधी-नंतर मुलांना सांभाळायची सोय, असायला हवी. कामावरून साडेपाच-सहाला परतणाऱ्या आईसाठी तोच आधार असतो. कौन्सिलला जागा विचाराल त्याच ईमेलमध्ये हेही विचारा. तुमची नोकरी नंतर कधीतरी आठवायची गोष्ट नाही. घर निवडण्याच्या कसोट्यांमध्ये ती पहिल्या दिवसापासून धरा.

तुम्ही मानपाड्याला राहता, म्हणजे घोडबंदर रोडच्या जाहिरातींतली ‘स्टेशनपासून पंधरा मिनिटं’ आणि कापूरबावडीच्या सिग्नलला थांबलेली बस यातलं अंतर तुम्हाला मी सांगायला नको. लंडनच्या नकाशाकडे त्याच नजरेने बघा. मैल मोजू नका. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत किती मिनिटं, किती वेळा गाडी बदलायची, आणि त्या लाइनवर गाडी बंद पडली तर दुसरा रस्ता आहे का, एवढं बघा.

या हिशोबाने कॅनरी वॉर्फ मी तुमच्या यादीतून काढून टाकते. काचेचे मनोरे, नीटनेटके चौक, पाण्याकाठचे रस्ते, सगळं सुंदर आहे. पण तुमच्या पैशात तिथे तिघांसाठी एका बेडरूमचं घर मिळणंसुद्धा कठीण आहे, आणि मिळालं तरी मिस्टरांचे आठवड्यातले तीन प्रवास वाचवण्यासाठी तुम्ही दोघींनी सातही दिवस अडचणीत राहायचं, हा सौदा मला पटत नाही.

हॅरो वाईट नाही. शाळा बऱ्या, आपलं वाणसामान मिळतं, मोकळी जागा आहे. मिस्टरांना तिथून मेट्रोच्या मेट्रोपॉलिटन लाइनने येऊन वेम्ब्ली पार्क किंवा फिंचली रोडला ज्युबिली लाइन पकडावी लागेल. मग मी म्हणेन, ज्युबिली लाइनवरच का राहू नये? किंग्जबरी आणि क्वीन्सबरी ही स्टेशनं हॅरोच्या शेजारीच आहेत आणि तिथून कॅनरी वॉर्फला गाडी न बदलता पाऊण तासाच्या आसपास पोचता येतं. भारतीय, विशेषतः गुजराती, कुटुंबं तिथे पूर्वीपासून आहेत. तूरडाळ, पोह्यांसाठी कुठे लांब जावं लागत नाही. किंग्जबरीला रो ग्रीन पार्क आहे, फ्रायंट कंट्री पार्कसारखा मोठा हिरवा पट्टा आहे. मिस्टरांचे मित्रही थोड्याच अंतरावर राहतील. हवे तेव्हा भेटतील आणि रोज दारात असणार नाहीत, हेही बरंच. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती हीच.

दुसरी पसंती अगदी उलट्या दिशेला, थेम्सच्या दक्षिणेला वुलिच. २४ मे २०२२ ला एलिझाबेथ लाइन ही नवी रेल्वे सुरू झाली आणि या भागाचं गणित बदललं. वुलिचहून कॅनरी वॉर्फ दहा मिनिटांच्या आत येतं. नदीकाठच्या नव्या इमारतींत भाडं चढं आहे, पण आतल्या बाजूला आणि शेजारच्या प्लमस्टेडला तुमच्या पैशात दोन बेडरूमचं घर सापडू शकतं. तिथे नेपाळी आणि पंजाबी वस्ती बरीच आहे, त्यामुळे आपल्या वाणसामानाची दुकानं आहेत. मराठी शेजार मात्र कमी. एका गल्लीचा रंग पुढच्या गल्लीला नसतो, त्यामुळे हा भाग रात्री आठनंतर स्वतः चालून बघितल्याशिवाय घेऊ नका. इंग्लंडच्या पोलिसांच्या वेबसाइटवर रस्तावार गुन्ह्यांचा नकाशा असतो, तो आधी बघून ठेवा. नकाशावर ठिपके सगळीकडेच दिसतील. घाबरून न जाता दोन वस्त्यांची तुलना करण्यापुरताच तो वापरा.

इलिंग ब्रॉडवेहून कॅनरी वॉर्फला एलिझाबेथ लाइन थेट जाते, भाग देखणा आहे, पण दोन हजारांत ओढाताण होईल. इलफर्डहून गाडी बदलावी लागते, तरी वेळ फार लागत नाही. पहिल्या दोन ठिकाणी शाळेत जागा मिळाली नाही तर तिसरं नाव इलफर्डचं ठेवा.

पैशांचं बोलू. जाहिरातीत लिहिलेलं भाडं म्हणजे घराचा खर्च नव्हे. कौन्सिल टॅक्स भाडेकरूला भरावा लागतो आणि तो सहसा भाड्यात धरलेला नसतो. घराला ए ते एच यांपैकी एक बँड असतो, तोही १९९१ च्या किमतींवरून ठरलेला. एकाच बँडच्या घराला दोन बरोंमध्ये वेगवेगळा टॅक्स पडतो, म्हणून प्रत्येक घराचा बँड विचारून त्या कौन्सिलच्या वेबसाइटवर रक्कम बघा. मग गॅस-वीज. घराचं एनर्जी सर्टिफिकेट मागा. भाड्याने द्यायच्या घराला साधारणपणे किमान ‘ई’ दर्जा लागतो, पण तुम्ही ‘सी’च्या खालचं घर शक्यतो टाळा. स्वस्त भाड्याच्या जुन्या घरात वाचलेले पौंड हिवाळ्यात हीटिंगला जातात. प्रवासाचं म्हणाल तर मिस्टर तीनच दिवस जाणार असतील तर मासिक पास काढू नका. बँकेचं कार्ड टॅप केलं की दिवसाच्या ठरावीक मर्यादेपुढे पैसे कापले जात नाहीत. बसला अंतर कितीही असो, भाडं एकच, आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. शाळा-बाजारासाठी तुम्ही बसच जास्त वापराल. हे सगळं धरलं तर भाड्याची मर्यादा दोन हजार न ठेवता सतराशे-अठराशेवर आणा, असं मी सांगेन.

तुम्हाला आवडलेल्या फ्लॅटबद्दल मात्र मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. इथून पैसे भरू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं सांगून नसलेली घरं भाड्याने देणारे लोक असतात, आणि लांबून घर शोधणारं घाईतलं कुटुंब त्यांना सोपं जातं. पण फसवणूक झाली नाही असं धरलं, तरी फोटोवरून घर कळत नाही. बाथरूमला खिडकी आहे का, भिंतींच्या कोपऱ्यांत ओल आणि बुरशी आहे का, की तिच्यावर नुकताच रंग मारलाय, स्वयंपाकघर बंद आहे की हॉलमध्येच ओटा आहे आणि एक्झॉस्टची हवा खरोखर बाहेर जाते का, हे तिथे उभं राहूनच कळतं. आपल्या फोडणीने बंद घरात स्मोक अलार्म वाजायला लागतो. थंडीत खिडक्या मिटलेल्या असतात आणि कपडे घरातच वाळत घालावे लागतात, म्हणून ओलीची चौकशी मी सगळ्यात आधी करेन.

हॉटेलच्या खर्चाची तुमची धास्ती रास्त आहे. त्यावर मार्ग असा की मिस्टरांनी तीन-चार आठवडे आधी पुढे जावं, एखाद्या घरात नुसती खोली घेऊन राहावं, शनिवार-रविवारी घरं बघावीत आणि तुम्हाला व्हिडिओ कॉलवर प्रत्येक कोपरा दाखवावा. तुम्ही दोघी मागून जा. लेकीचं सत्रही इथे नीट पूर्ण होईल. कंपनी बदली करते आहे तर पहिल्या महिन्याच्या राहण्याची सोय मागणं यात संकोच कसला? बऱ्याच कंपन्या मागितल्यावर देतात.

कायदा या बाबतीत भाडेकरूच्या बाजूचा आहे, तो माहीत असू द्या. ठाण्यात आपण ब्रोकरला एका महिन्याचं भाडं देतो. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून एजंटला भाडेकरूकडून अशी दलाली घेता येत नाही. वर्षाचं भाडं पन्नास हजार पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं. महिना १,८०० पौंडांच्या घराला ते सुमारे २,०७६ पौंड होतं. घर राखून ठेवण्यासाठी आधी घेतात ती रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा, म्हणजे साधारण ४१५ पौंडांपेक्षा, जास्त नको. डिपॉझिटलाही संरक्षण आहे. तीस दिवसांच्या आत ते सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावं लागतं आणि त्याचा कागद तुम्हाला मिळायला हवा. नव्याने आलेल्यांकडून पूर्वी सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं जायचं. १ मे २०२६ पासूनच्या नव्या कायद्याने एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागायला बंदी आहे, जाहिरातीपेक्षा चढ्या भाड्याची बोली स्वीकारायलाही बंदी आहे. त्याच कायद्याने वर्षभराच्या कराराची अटही गेली. दोन महिन्यांची नोटीस देऊन भाडेकरू घर सोडू शकतो. त्यामुळे पहिलं घर मनासारखं निघालं नाही तर बदलता येईल, एवढा धीर ठेवा. फक्त लेकीची शाळा बदलावी लागणार नाही अशा बेताने बदला.

एजंट मिस्टरांच्या पगाराचं पत्र मागतील. वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट असावा असा बहुतेकांचा ठोकताळा असतो. १,८०० च्या घराला ५४,००० पौंड. शिवाय घर देण्याआधी मालकाला तुमच्या दोघांच्या वास्तव्याचा हक्क तपासावा लागतो, त्यासाठी ई-व्हिसाचा शेअर कोड, म्हणजे मालकाला तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासता येईल असा कोड, तयार ठेवा.

सासूबाईंचं म्हणणं मी बाजूला टाकत नाही. परक्या देशात मुलीला ताप भरला, नवरा ऑफिसात आहे, अशा वेळी दार ठोठावता येईल असं घर जवळ असणं फार मोलाचं आहे. एवढंच, की ते दार मराठीच असायला हवं असं नाही. शाळेच्या फाटकाशी रोज दुपारी भेटणाऱ्या आया, मग त्या गुजराती असोत, सोमाली असोत की पोलिश, पहिल्या वर्षात तुमच्या सगळ्यात उपयोगी पडतील. मराठी माणसांसाठी महाराष्ट्र मंडळ लंडन आहेच, १९३२ पासूनचं. त्याची वास्तू डॉलिस हिलला आहे आणि डॉलिस हिल स्टेशनही ज्युबिली लाइनवरच आहे. किंग्जबरीहून वेम्ब्ली पार्क आणि नीसडन ओलांडलं की डॉलिस हिल. गणपतीत लेकीला तिथे न्या, सासूबाईंना इथे व्हिडिओ कॉल लावून द्या. त्यांची काळजी शब्दांपेक्षा त्याने लवकर कमी होईल. मिस्टरांच्या मित्राला मात्र ‘घर शोधून दे’ असं सांगू नका. ‘आम्ही ठरवलेली तीन घरं जाऊन बघून ये’ असं सांगा. कुणी दुसऱ्याने निवडलेल्या घरात काही खटकलं तर बोलता येत नाही, आणि मैत्री मधे येते.

या आठवड्यात करायची कामं एवढीच. कंपनीच्या एचआरकडून पहिल्या महिन्याच्या राहण्याचं आणि व्हिसासोबत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायच्या हेल्थ सरचार्जचं लेखी उत्तर घ्या. हा सरचार्ज मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६ पौंड आहे, तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो, म्हणजे तिघांचे मिळून ८,५३८ पौंड होतात. तो तुमच्या खिशातून जाणार असेल तर घराच्या डिपॉझिटचं गणित आधी करा. किंग्जबरी-क्वीन्सबरीच्या बाजूसाठी ब्रेंट आणि हॅरो, वुलिचसाठी ग्रीनिच, या तीन कौन्सिलांना शाळेचे ईमेल पाठवा. लेकीचा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि शाळेचं प्रगतिपुस्तक स्कॅन करून ठेवा. आणि तुमच्या फर्मकडून अनुभवाचं पत्र मागून घ्या, त्यात कामाचं स्वरूप, वापरलेली सॉफ्टवेअर्स आणि वर्षं सविस्तर लिहून मागा. राजीनाम्याच्या धावपळीत ते राहून जातं, आणि तिकडे पहिल्या मुलाखतीला तेच लागेल.